बरणीतली रिकामी जागा

वांगं चिरलं की आपण त्याच्या फोडी लगेच पाण्यात टाकतो. का टाकतो, असं लहानपणी आईला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, 'काळ्या पडतात.' कैरीच्या लोणच्यात फोडींच्या वर बोटभर तेल तरंगलंच पाहिजे, असा घरातल्या बायकांचा दंडक असतो. गोडेतेलाच्या डब्यात तळाशी उरलेलं तेल आधी खवट होतं, हेही आपण पाहिलेलं असतं. या तिन्ही गोष्टींच्या मागे एकच आरोपी आहे, तो म्हणजे हवा. नेमकं सांगायचं तर हवेतला प्राणवायू. आज मला याच आरोपीविषयी बोलायचं आहे. फक्त बरणी वेगळी आहे. ती आहे घरी केलेल्या द्राक्षाच्या वाईनची.

मी स्वतः वाईन घेत नाही. आमच्या घरात ती कधी आली नाही, येणारही नाही. आमच्या स्वयंपाकघरात येतो तो सिरका, म्हणजे त्याच रसाचा पुढचा जन्म. पण ज्या उर्दू शायरीवर माझा पिंड पोसला, तिच्यात साकी, पेला आणि मैखान्याला तोटा नाही. इतक्या शायरांनी पेल्याविषयी इतकं लिहिलं, पण पेल्यात येण्याआधी ती बरणीत टिकते कशी, हे विचारणारा शायर मला तरी भेटला नाही. मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तरी या प्रश्नाच्या मागे लागलो, त्याला कारण शेजारच्या मावशी.

वसईत, गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत नाताळासाठी घरी वाईन करण्याची रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांत आहे. काळी द्राक्षं, साखर, पाणी, मूठभर गहू आणि थोडं यीस्ट. हे सगळं चिनी मातीच्या बरणीत घालायचं, रोज लाकडी पळीने ढवळायचं आणि एकवीस दिवसांनी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. आमच्या मावशी वसईच्याच. त्यांची वाईन नाताळात माणकासारखी लाल असायची. फेब्रुवारीत तिच्यावर विटकरी झाक यायची आणि एप्रिलपर्यंत ती चहाच्या रंगाची होऊन जायची. एका वर्षी नातीचं लग्न मेमध्ये ठरलं. टोस्टला घरचीच वाईन हवी, असा मावशींचा हट्ट होता. 'भाई, माझ्या हातची चव मेपर्यंत का राहत नाही?' असं त्यांनी मला विचारलं. कुणी दृष्ट म्हणत होतं, कुणी द्राक्षाला दोष देत होतं. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र आहेत. त्यांना मी हा प्रश्न सांगितला. त्यांनी उलट मलाच विचारलं, 'बरणी किती भरलेली असते?'

पुढे जाण्याआधी एक सूचना. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरगुती म्हणून वाईनला आपोआप सूट मिळत नाही. त्यामुळे ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी आधी ती बाजू पाहून घ्यावी.

आता बरणीकडे वळू. गंमत अशी की सुरुवातीला हवा शत्रू नसते. यीस्टच्या पेशींना वाढायला, त्यांचं आवरण बळकट व्हायला थोडा प्राणवायू लागतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस रस ढवळणं योग्यच आहे. पुढे यीस्ट साखर खाऊ लागतं, तिचं अल्कोहोल करतं आणि कर्बवायू सोडतं. बरणी उकळल्यासारखी फसफसते. त्या जोरात बाहेर पडणारा वायू हवेला आत शिरू देत नाही. जणू दारात गर्दी आहे आणि सगळी माणसं बाहेर पडताहेत. अशा वेळी आत कोण येणार? पण दोन-अडीच आठवड्यांनी साखर संपत येते, बुडबुडे मंदावतात, गर्दी ओसरते. दार मात्र तसंच उघडं राहतं. आपण रीतीप्रमाणे रोज झाकण काढून ढवळत राहतो. पहिल्या आठवड्यात जे ढवळणं औषध होतं, तेच तिसऱ्या आठवड्यात विषासारखं काम करतं.

प्राणवायू आत जाऊन करतो काय? द्राक्षाच्या सालीत आणि बियांत तुरटपणा देणारी द्रव्यं असतात. वाईनमध्ये लोखंडाचे आणि तांब्याचे अगदी सूक्ष्म अंश असतातच. त्यांच्या मदतीने प्राणवायू या तुरट द्रव्यांवर हल्ला करतो. त्यातून रंग तपकिरी होत जातो. चिरलेलं सफरचंद तपकिरी पडतं, त्याच जातीचा हा प्रकार. या झटापटीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते पुढे अल्कोहोललाच धरतं. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं. या पदार्थाला चेचलेल्या, शिळ्या सफरचंदासारखा वास येतो. मावशींची एप्रिलमधली वाईन मी चाखली नाही, पण बरणीचं झाकण काढल्यावर जो वास आला तो अगदी हाच होता.

याच्या पलीकडे आणखी एक पायरी आहे. हवेत काही जीवाणू असे असतात, की ज्यांना अल्कोहोल आणि प्राणवायू दोन्ही मिळाले की ते पृष्ठभागावर साय धरतात आणि अल्कोहोलचं आम्ल करतात. तोच आपला सिरका. तो हवा असेल तर उत्तमच, पण वाईन हवी असताना सिरका झाला तर तिथून परतीची वाट नाही. नुसता सफरचंदाचा वास असेल तर थोडाफार उपाय चालतो. नाकाला झोंबणारा आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा वास आला, तर ती बरणी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कपाटात ठेवावी.

हे पहिल्यांदा नीट तपासून पाहिलं ते लुई पाश्चर यांनी. फ्रान्सची वाईन साठवणीत आणि प्रवासात बिघडत होती. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने हे काम पाश्चर यांच्याकडे सोपवलं आणि १८६६ साली त्यांचा वाईनवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी काही काचेच्या नळ्या वाईनने काठोकाठ भरून बंद केल्या आणि काहींत हवेला जागा ठेवली. भरलेल्या नळ्यांतली वाईन फारशी बदलली नाही. हवा असलेल्या नळ्यांत रंग उतरला, तळाशी गाळ बसला. वाईन तीच, काच तीच, दिवस तेवढेच. फरक होता तो रिकाम्या जागेचा.

माझ्या मित्रांनी मग वहीच्या मागच्या पानावर मला एक हिशोब मांडून दाखवला. तो मी कधी विसरणार नाही. पाच लिटरची बरणी घ्या. तिच्यात चार लिटर वाईन आहे, वर एक लिटर हवा. आपल्याला वाटतं, थोडीशी तर जागा आहे. पण एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे प्रत्येक लिटर वाईनच्या वाट्याला ७० मिलिग्रॅम. नेहमीच्या तापमानाला वाईनमध्ये एका वेळी जास्तीत जास्त आठ-एक मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पण वाईन तो हळूहळू खर्च करते आणि वरून पुन्हा नवा ओढून घेते. झाकण घट्ट असलं तरी हे चालूच राहतं, कारण चोर आधीच घरात आहे. कुलूप मागाहून लावलं.

म्हणून पहिला नियम हा, की उकळी थांबली की भांडं गळ्यापर्यंत भरलेलं हवं. चिनी मातीची रुंद तोंडाची बरणी आंबवायला छान, मुरवायला वाईट. तोंड जितकं रुंद तितका हवेला भेटणारा पृष्ठभाग मोठा. मुरवायला अरुंद गळ्याची काचेची भांडी घ्यावीत आणि बुचापासून दोन-तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरावीत. एक मोठं भांडं अर्धवट भरण्यापेक्षा दोन लहान भांडी पूर्ण भरलेली बरी. तरी जागा उरली तर तशीच दुसरी वाईन घालावी. तीही नसेल तर मुलांच्या काचेच्या गोट्या स्वच्छ धुऊन, उकळून, निथळून आत सोडाव्यात. पातळी वर येते, हवा बाहेर जाते. नदीतले दगड मात्र घालू नयेत. त्यांत चुना असला तर तो आम्लात विरघळतो.

याच वेळी एक धोका लक्षात ठेवावा. फसफस पूर्ण थांबली नसताना काचेचं भांडं घट्ट बंद केलं तर ते फुटू शकतं. त्यासाठी एअरलॉक नावाची साधी युक्ती आहे. बुचाला भोक पाडून त्यातून नळी बाहेर काढायची आणि तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. आतला वायू बुडबुडे सोडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

दुसरा नियम वाईन एका भांड्यातून दुसऱ्यात काढण्याचा. हे करावंच लागतं, कारण तळाशी मेलेल्या यीस्टचा आणि द्राक्षाच्या गराचा जाड गाळ बसतो. तो महिनोन् महिने तसाच राहिला तर वाईनला कुबट वास येतो. पण घरोघरी सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच दहा मिनिटांत. इराण्याच्या हॉटेलात चहा उंचावरून ओततात तो का? हवा लागून लवकर निवावा म्हणून. फडक्यातून गाळताना वाईनच्या शंभर बारीक धारा पडतात आणि प्रत्येक धारेला चारी बाजूंनी हवा लागते. मलमलचं फडकं पहिल्या खेपेला सालं आणि गहू वेगळे करायला चालेल. तेव्हा वाईनमध्ये कर्बवायू भरलेला असतो, यीस्ट जिवंत असतं आणि आलेला बराचसा प्राणवायू ते खाऊन टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला फडकं वर्ज्य.

मग काढायची कशी? रॉकेलच्या पिंपातून नळी लावून रॉकेल काढताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तीच रीत. भरलेलं भांडं टेबलावर, रिकामं जमिनीवर. खाण्याच्या पदार्थांना चालणारी स्वच्छ नळी घ्यायची. तोंडाने ओढायची नाही. उकळून गार केलेल्या पाण्याने ती भरायची, दोन्ही टोकं बोटांनी दाबायची, एक टोक वाईनमध्ये गाळाच्या वर धरायचं, दुसरं खाली सोडायचं. पहिलं पाणी वाटीत जाऊ द्यायचं. वाईन आली की नळीचं टोक रिकाम्या भांड्याच्या तळाला टेकवायचं. ते शेवटपर्यंत तळाशीच राहिलं पाहिजे. वाईन खालून वर, आवाज न करता चढत गेली पाहिजे. धबधब्याचा आवाज आला की समजावं, हवा आत जाते आहे. नळीत बुडबुडे दिसले तर जोड सैल आहे. गाळ नळीत येऊ लागला की थांबायचं. शेवटच्या वाटीभर वाईनचा मोह सोडायचा. आणि हे वारंवार करायचं नाही. उकळी ओसरल्यावर एकदा, एक-दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा, बाटल्या भरताना तिसऱ्यांदा. 'जरा बघू या' म्हणून झाकण उघडण्याची सवय सगळ्यात वाईट.

पुष्कळांना वाटतं, कर्बवायू हवेपेक्षा जड आहे, तो वाईनवर रजईसारखा पसरून राहील. तसं होत नाही. वायू एकमेकांत मिसळतात. बुडबुडे चालू आहेत तोवर संरक्षण असतं. ते थांबले आणि झाकण उघडलं की रजई विरून जाते.

तिसरा नियम पावडरीचा. लिंबाचं किंवा संत्र्याचं स्क्वॉश घरी करणाऱ्यांना केएमएस ठाऊक असतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ते हेच. वाईनमध्ये ते सल्फर डायऑक्साइड सोडतं. हा सल्फर प्राणवायूने तयार केलेलं पेरॉक्साइड टिपतो, झालेलं ॲसिटाल्डिहाइड बांधून ठेवतो आणि जीवाणूंनाही आवरतो. लिटरमागे ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड हवा असेल तर दहा लिटरला साधारण ०.९ ग्रॅम पावडर लागते. चिमटीचा अंदाज इथे चालत नाही, सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा हवा. थोड्या वाईनमध्ये विरघळवून मग ती मिसळावी. पावडर जुनी असेल तर तिचा जोर गेलेला असतो. खाण्याच्या गोड द्राक्षांत आम्ल कमी असेल तर हिचा परिणामही कमी होतो. वाईनचा पीएच ३.२ ऐवजी ३.८ असेल तर तेवढ्याच कामाला जवळजवळ चौपट मात्रा लागते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यामुळे घातलं असेल तर पाहुण्यांना तसं सांगावं.

पण पावडर आहे म्हणून निष्काळजी होता येत नाही. एक मिलिग्रॅम प्राणवायूला आवरायला सुमारे चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खर्ची पडतो. मघाच्या एक लिटर रिकाम्या जागेसाठी लिटरमागे २८० मिलिग्रॅम लागेल. युरोपात कोरड्या लाल वाईनला मर्यादाच १५०ची आहे. म्हणजे पावडरीने हवेशी लढण्यापेक्षा हवेला आत न घेणं हाच स्वस्त आणि शहाणा मार्ग.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. तांब्या-पितळेची किंवा लोखंडाची भांडी वाईनला लावू नयेत. आम्लाने धातू उतरतो आणि वर सांगितलेल्या हल्ल्याला तोच मदत करतो. काच आणि चांगलं स्टील उत्तम. प्लास्टिकच्या पातळ बाटल्यांतून हवा सावकाश झिरपते. महिनाभर चालतील, वर्षभर नाही. दुसरं म्हणजे उष्णता. किनाऱ्यावरच्या एप्रिल-मेमध्ये या सगळ्या क्रिया झपाट्याने होतात. घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा शोधावी. माळ्यावर, पत्र्याखाली तर मुळीच ठेवू नये.

मावशींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. 'तुम्ही तर थेंबही घेत नाही भाई, तुम्हाला काय कळणार?' मी म्हटलं, 'मावशी, चव तुमची. मी फक्त जागा मोजतोय.' त्यांनी त्या वर्षी मोठी बरणी नाताळानंतर ठेवलीच नाही. नळी लावून सगळी वाईन लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरली, एकदाच पावडर घातली आणि बाटल्या पलंगाखाली पोत्यात गुंडाळून ठेवल्या. मेमध्ये मांडवात पेले उंचावले गेले तेव्हा मी सरबताचा पेला धरून उभा होतो. शेजारच्या पेल्यांतला रंग लाल होता. नाताळाइतका गडद नव्हता, पण लाल होता.

शेवटी पाश्चर यांच्याच गावाकडची एक गोष्ट. त्यांचं बालपण फ्रान्सच्या जुरा भागात, आर्बुआ गावी गेलं. त्याच भागात एक पिवळी वाईन होते. ती लाकडी पिंपात किमान सहा वर्षं तीन महिने ठेवतात. पिंपातून वाईन उडून जाते, जागा रिकामी होत जाते, तरी वरून भर घालत नाहीत. वाईनवर यीस्टची पातळ साय धरते. ती साय हवेला अडवते, थोडी आत सोडते आणि अक्रोडासारखा वास आणते. इतरांना जो दोष वाटतो, तोच तिथे गुण ठरतो. एक लिटरमधून जेवढं उरतं त्या हिशोबाने तिची बाटलीही ६२० मिलिलिटरचीच असते.

म्हणजे रिकामी जागा वाईटच असते असं नाही. जुराच्या लोकांना ती कशासाठी ठेवली आहे हे ठाऊक आहे. आपल्या बरणीत ती बहुधा नकळत राहिलेली असते. कुणाच्या घरी नाताळाची वाईन शिल्लक असेल, तर त्यांनी झाकण न उघडता बाहेरूनच एकदा पातळी पाहावी. ती गळ्याच्या खाली गेली असेल, तर लहान बाटली शोधायला आजचा रविवार चांगला आहे.